‘हे औषध संपलंय’ असं ऐकल्यावर: सर्दी-ताप-खोकल्याच्या साथीत औषध कसं शोधायचं, कसं बदलायचं आणि कधी शोधत बसायचं नाही

साथ ऐन भरात असताना एका रात्री एक गृहस्थ काउंटरपाशी आले. हातात सिरपची रिकामी बाटली. “हेच पाहिजे. चार ठिकाणी विचारून आलो, कुठेच नाही.” बाटली वाचली तर पॅरासिटामॉल, दर ५ मिलीमध्ये १२० मिलिग्राम. त्या कंपनीचा माल आमच्याकडेही संपला होता, पण पॅरासिटामॉल संपलं नव्हतं. दुसऱ्या कंपनीची बाटली मागच्या फळीवरच होती. फक्त ती २५० मिलिग्रामची होती, म्हणजे मुलाला पाजायचं माप निम्म्याहूनही कमी करावं लागणार होतं. आधीच्या चारही ठिकाणी त्यांनी बाटली पुढे करून “हे आहे का?” एवढंच विचारलं होतं, आणि उत्तरही तेवढंच मिळालं होतं.

फार्मसिस्ट म्हणून काम करताना हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता तो सविस्तर लिहून ठेवावासा वाटतो. तुटवड्याच्या दिवसांत ‘नाही’ या शब्दाचे चार वेगळे अर्थ असतात. त्या कंपनीचं नाही, त्या पॉवरचं नाही, त्या रूपात नाही, किंवा तो घटकच कुठे मिळत नाही. पहिल्या तिन्ही बाबतीत बहुतेक वेळा वाट निघते. चौथ्या बाबतीत डॉक्टरांना पर्याय ठरवावा लागतो, आणि तो त्याच दिवशी ठरवून घ्यायचा असतो.

पुढे काही डोसांचे आकडे दिले आहेत. डॉक्टरांनी सांगितलेलं माप पडताळून पाहता यावं, यासाठी ते आहेत. त्यांच्या भरवशावर स्वतःच उपचार सुरू करू नका.

मुळात औषधं संपतात का?

२०२२ च्या अखेरीस उत्तर अमेरिका आणि युरोपात फ्लू, आरएसव्ही (विशेषतः लहान मुलांच्या श्वासमार्गाला ग्रासणारा विषाणू) आणि कोविड एकाच वेळी उसळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या, लहान मुलांच्या पातळ औषधाचा तुटवडा जाहीर केला. कॅनडाला मुलांची तापाची औषधं बाहेरून मागवावी लागली. युरोपातही अमॉक्सिसिलिनची ओढाताण झाली. त्याआधीची दोन वर्षं मास्क आणि घरबंदीमुळे साधे संसर्ग कमी झाले होते, मागणी घटली होती आणि कंपन्यांनी उत्पादन त्या बेताने आखलं होतं. मग साथ एकदम उसळली.

मागणी वाढली की कारखाना लगेच वेग वाढवू शकत नाही. उत्पादनाचं नियोजन कित्येक महिने आधी होतं. कच्चा माल जगातल्या मोजक्या ठिकाणांहून येतो. अमॉक्सिसिलिनसारख्या पेनिसिलिन गटातल्या औषधांचे कण दुसऱ्या औषधात मिसळले तर ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून ती औषधं वेगळ्या, स्वतंत्र जागेतच बनवावी लागतात. शेजारची रिकामी मशीन त्या कामाला जुंपता येत नाही. आणि या सगळ्यावर आपली घाई. जिथे एक बाटली लागते तिथे प्रत्येक घराने तीन नेल्या, तर साथ तेवढीच असूनही माल तिपटीने उचलला जातो.

पहिली पायरी: औषधाआधी रुग्णाकडे बघा

औषधाच्या शोधात दोन-तीन तास गेले आणि तेवढ्यात रुग्णाची अवस्था बिघडली, असं घडतं. म्हणून बाहेर पडण्याआधी पाच मिनिटं रुग्णाजवळ बसा.

लहान मूल असेल तर त्याचे श्वास मोजा. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून छाती-पोटाची हालचाल बघा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांपर्यंत ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर श्वास जलद समजायचा. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पुढचं काही दिसलं तर औषधाच्या मागे न लागता थेट रुग्णालय गाठा: श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, ओठ किंवा जीभ निळसर पडणं, मूल काहीच न पिणं, हाक मारूनही नीट जागं न होणं, झटके येणं. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर बाकी काही लक्षण नसलं तरी लगेच दाखवायचं. मोठ्या माणसाला बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल, छातीत दुखत असेल, नव्याने गोंधळल्यासारखं होत असेल, तर तीच घाई. ऑक्सिमीटर घरी असेल आणि आकडा ९२ किंवा त्याहून खाली स्थिर दिसत असेल तर थांबू नका. ज्यांची पातळी जुन्या फुप्फुसविकारामुळे एरवीच कमी असते, त्यांनी आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा धरावा.

दुसरी पायरी: जे शोधताय ते लागणार आहे का?

साथीत लोक ज्याच्यासाठी वणवण करतात, त्यातलं बरंचसं गरजेचं नसतं. हे मी औषधं देणाऱ्या बाजूला उभं राहून सांगतो आहे.

सर्दी, फ्लू, आरएसव्ही, कोविड हे सगळे विषाणूंचे आजार आहेत. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. हिरवट-पिवळा शेंबूड आला म्हणून अँटिबायोटिक लागतं, हा समज फार खोल रुजला आहे. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि रंगीत होतो. डॉक्टरांनी तपासून “आत्ता अँटिबायोटिक नको” म्हटलं असेल तर ते तुम्हाला टाळत नाहीत. आणि ज्या मुलाला खरोखर न्यूमोनिया झालाय त्याच्यासाठी ती बाटली शिल्लक राहते.

खोकल्याच्या सिरपचंही तेच. चार वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची मिश्र औषधं स्वतःहून देऊच नयेत. फायदा फारसा नाही, धोके खरे आहेत. तुटवड्यात तर जास्तच सांभाळायला हवं, कारण अनोळखी माल बाजारात शिरतो तो याच वेळी. डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य औषधात गेल्याने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक माणसं दगावली. २०२२ मध्ये गांबियात मुलांच्या मूत्रपिंडांवर घाला घालणाऱ्या सिरपमध्येही हेच विष सापडलं. एका वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यासाठी झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर आराम पडतो. एका वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफ देऊ नका. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि भाजलेली मुलं मात्र दरवर्षी रुग्णालयात येतात.

तापाचं औषधही थर्मामीटरचा आकडा खाली आणण्यासाठी नसतं. मूल खेळतंय, पाणी पितंय आणि अंगात १०१ आहे, तर औषध न देता लक्ष ठेवलं तरी चालतं. मूल मलूल आहे, अंग दुखतंय, झोप लागत नाही, तेव्हा द्या. एवढ्याने घरातली एक बाटली दुप्पट दिवस पुरते.

ज्यात तडजोड चालत नाही अशा गोष्टी मोजक्याच आहेत: दम्याचा पंप, डॉक्टरांनी निदान करून दिलेलं अँटिबायोटिक, जोखीम असलेल्या रुग्णाचं फ्लूचं औषध आणि मधुमेह, रक्तदाब, फिट्स यांसारखी रोजची औषधं. धावपळ करायची ती यांच्यासाठी.

तिसरी पायरी: चार गोष्टी कागदावर

औषधाच्या बाटलीवर किंवा स्ट्रिपवर कंपनीने दिलेलं नाव ठळक असतं आणि घटकाचं नाव बारीक. तुम्हाला हवंय ते बारीक नाव. ते, त्याची पॉवर, रूप आणि रुग्णाचं वजन एका कागदावर लिहा. उदाहरणार्थ: “अमॉक्सिसिलिन, दर ५ मिलीत २५० मिलिग्राम, पातळ औषध, मूल १४ किलो.” चिठ्ठीचा फोटोही जवळ असू द्या. एकाच घटकाला कुठे कुठे दोन नावं असतात हेही लक्षात ठेवा. पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन एकच, साल्ब्युटामॉल आणि अल्ब्युटेरॉल एकच.

मग फोनवर किंवा समोर हे विचारा: हाच घटक दुसऱ्या कंपनीचा आहे का? दुसऱ्या पॉवरमध्ये आहे का? गोळी, कॅप्सूल, पाण्यात विरघळणारी गोळी, थेंब, यांपैकी काही आहे का? पुढचा माल कधी अपेक्षित आहे? आणि तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे असेल? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. विचारा. आम्हाला दिवसभर वितरकांचे आणि इतर दुकानांचे फोन चालूच असतात, कुणाकडे काय आहे याचा अंदाज असतो. दुपारी, गर्दी कमी असताना फोन केलात तर माणूस फळ्या बघून उत्तर देतो. रात्री रांगेत तेवढी उसंत नसते.

चौथी पायरी: पॉवर बदलली की माप बदलतं

या पायरीवर मला सर्वांत जास्त काळजी वाटते. औषध न मिळाल्याने होतं त्याहून मोठं नुकसान मिळालेलं औषध चुकीच्या मापाने दिल्याने होऊ शकतं.

त्याच रिकाम्या बाटलीचं उदाहरण घेऊ. मूल १२ किलोचं. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्राम असतो. डॉक्टरांनी १५ च्या हिशोबाने सांगितलं असेल तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० मिलिग्राम. आता हेच १८० मिलिग्राम तीन वेगवेगळ्या बाटल्यांतून द्यायचे आहेत.

- दर ५ मिलीत १२० मिलिग्रामचं सिरप: ७.५ मिली
- दर ५ मिलीत २५० मिलिग्रामचं सिरप: ३.६ मिली
- दर १ मिलीत १०० मिलिग्रामचे थेंब: १.८ मिली

हिशोब सगळीकडे तोच आहे. हवे असलेले मिलिग्राम भागिले बाटलीवरचे मिलिग्राम, आणि त्याला बाटलीवर लिहिलेल्या मिलीने गुणायचं. आता नीट बघा. जुन्या सवयीने थेंबांच्या बाटलीतून ७.५ मिली दिले तर मुलाच्या पोटात ७५० मिलिग्राम जातात, चौपटीहून जास्त. असं दोन-तीनदा झालं तर यकृतावर बेततं, आणि पहिल्या दिवशी मूल वरून बरं दिसतं. ‘लहान बाळांचे थेंब’ म्हणजे सौम्य औषध, ही समजूत उलटी आहे. थेंब सर्वांत तीव्र असतात.

माप घरातल्या चमच्याने घेऊ नका. सुई नसलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्या, तिच्यावर ०.१ मिलीपर्यंतच्या रेघा असतात. नवी बाटली हातात घेताच माझ्यासारख्याकडून त्या सिरिंजवर पेनाने खूण करून घ्या. जुनी बाटली घरी उरली असेल तर ती वेगळ्या खणात ठेवा, कारण रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत, एवढं पाळा. प्रत्येक डोसची वेळ कागदावर लिहा, विशेषतः घरात दोघं-तिघं आळीपाळीने बघत असतील तेव्हा. पॅरासिटामॉल मिळालं नाही म्हणून आयबुप्रोफेन घ्यायचं असेल तर ६ महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांशिवाय नाही. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलेलं असताना, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात अल्सर असताना, किंवा डेंग्यूची शंका असताना तर नाहीच. ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या कुणालाही तापासाठी देऊ नये. विषाणूच्या तापात त्याने राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृतावरचा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो.

मोठ्यांनी एवढं सांभाळावं: सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. एक नाव मिळालं नाही म्हणून दुसरी, वर तापाची तिसरी, असं करत २४ तासांत ४ ग्रॅमची कमाल मर्यादा नकळत ओलांडली जाते. यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा आणखी खाली असते.

गोळी फोडायची, विरघळवायची, की नाही?

पातळ औषध नसेल तर गोळी हा चांगला मार्ग आहे, पण विचारून. मधोमध रेघ असलेली साधी गोळी बहुतेक वेळा अर्धी करता येते. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असेल तर ती हळूहळू विरघळणारी असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्याही फोडायच्या नाहीत. अमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी २५० मिलिग्रामची गोळी मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनाच सुचवते. सिरप नसलं तर तिची चौकशी पहिली करा. चमचाभर पाण्यात ती विरघळते, आणि सिरपच्या तुलनेत साठवायलाही सोपी असते.

अँटिबायोटिक मिळत नसेल तर

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. “उद्या माल येईल” या आशेवर न्यूमोनियाचं मूल दोन दिवस ठेवायचं नाही. फोनवर कागदावरचं वाचून दाखवा आणि काय उपलब्ध आहे तेही सांगा: “पातळ नाही, पण २५० ची विरघळणारी गोळी आहे.” मग डॉक्टरांना दोन मिनिटांत चिठ्ठी बदलता येते. दिवस कमी चालतील का, हेही विचारा. मुलांच्या बऱ्याच साध्या न्यूमोनियात पाच दिवस पुरेसे ठरतात. पण दिवस ठरवायचे डॉक्टरांनी, आपण मधेच थांबायचं नाही. पूर्वी पेनिसिलिनने पुरळ किंवा सूज आली असेल तर पर्याय ठरण्याआधीच सांगा.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या जोड अँटिबायोटिकच्या बाबतीत एक चूक हमखास होते. ६२५ ची गोळी नाही म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या जातात. ६२५ मध्ये ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनेट असतं, ३७५ मध्ये २५० आणि १२५. दोन गोळ्यांत अमॉक्सिसिलिन बरोबर होतं, पण क्लॅव्ह्युलॅनेट दुप्पट होतं आणि जुलाब लागतात.

भुकटीत पाणी घालून तयार केलेलं औषध लेबलप्रमाणे ७ ते १४ दिवसच चालतं. मागच्या वेळची उरलेली अर्धी बाटली, शेजाऱ्यांनी दिलेल्या चार गोळ्या, हे तुटवड्यावरचं उत्तर नाही. अर्धवट डोसाने जिवाणू मरत नाहीत आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासं होतं.

दम्याचा पंप

आधी पंपात किती पफ उरलेत ते बघा. मोजणी दाखवणारा आकडा असेल तर सोपं. नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर चिकटवा. २०० पफचा पंप, रोज दोन पफ चार वेळा, म्हणजे २५ दिवस. हलवून आवाज आला म्हणून औषध आहे असं नाही. औषध संपल्यावरही आत गॅस उरतो.

नेब्युलायझरचं (औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्राचं) द्रावण मिळत नसेल तर घाबरू नका. सौम्य ते मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) नेब्युलायझरइतकंच काम करतात. किती पफ ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पंप हलवा, स्पेसरमध्ये एक पफ मारा, पाच-सहा शांत श्वास घेऊ द्या, मग पुन्हा हलवून पुढचा. एकदम चार पफ मारले तर औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा आणि पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ती औषध धरून ठेवते.

साल्ब्युटामॉलऐवजी लेवोसाल्ब्युटामॉल मिळालं तर मायक्रोग्रामचे आकडे वेगळे असतात, पफ किती घ्यायचे ते विचारून घ्या. आणि रोजचा प्रतिबंधक पंप बरं वाटतं म्हणून बंद करू नका. तो नियमित घेतला की तातडीचा पंप कमी लागतो, तुटवड्यात हीच खरी बचत. तातडीचा पंप आठवड्यात दोनदाहून जास्त लागत असेल तर डॉक्टरांना भेटायची वेळ झाली आहे.

फ्लूचं औषध

ओसेल्टामिव्हिर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर सर्वांत उपयोगी पडतं. त्यामुळे गरोदर स्त्रिया, ६५ च्या पुढचे, अगदी लहान मुलं आणि हृदय, फुप्फुस किंवा प्रतिकारशक्तीचे विकार असलेल्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. बाकी बहुतेक निरोगी माणसं त्याच्याशिवाय बरी होतात. मुलांचं पातळ औषध नसेल तर कॅप्सूल उघडून भुकटी गोड पातळ पदार्थात मिसळता येते. कॅप्सूल ३०, ४५ आणि ७५ मिलिग्रामच्या येतात, मुलाचा डोस वजनावरून ठरतो.

कुठून घ्यायचं नाही

चॅटवर फिरणारा नंबर, “माझ्याकडे स्टॉक आहे” म्हणणारा अनोळखी माणूस, चिठ्ठी न मागता अँटिबायोटिक पाठवणारं संकेतस्थळ, यांपासून लांब राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर १० औषधांपैकी १ निकृष्ट किंवा बनावट असतं. बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख वाचा, सील बघा.

साथ यायच्या आधी

रोजच्या औषधांची पुढची खरेदी सात ते दहा दिवस आधी करा, तीन महिन्यांचा साठा नको. तापाच्या औषधाची घरात एक न उघडलेली बाटली पुरे. थर्मामीटरचा सेल, ओआरएसची पाकिटं, सिरिंज आणि स्पेसर तपासून ठेवा. फ्लूची लस घेतल्यावर शरीराची तयारी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून साथ सुरू होण्याआधी घ्या. वयस्करांनी न्यूमोकॉकल लसीबद्दलही विचारावं. मुलांचं वजन दर दोन-तीन महिन्यांनी करून तारखेसह त्याच कागदावर लिहा. घाईच्या रात्री “किती किलोचं आहे?” असं मी विचारलं की निम्मे पालक अंदाज सांगतात, आणि सगळा हिशोब त्या अंदाजावर उभा राहतो.